सबटायटलवाले पिक्चर बघायला सुरुवात कशी करायची (झोप न लागता)

परवा ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, तू ते फॉरेनचे संथ संथ पिक्चर बघतेस ना, मलाही बघायचेत गं पण वीस मिनिटं झाली की मोबाईल हातात येतोच, काय करू. तिला लंच टाइममध्ये सांगायला घेतलं, डबा संपला, चहा झाला, तरी माझं चालूच, म्हटलं आता लिहूनच काढते. मी फिल्मबिल्म काही शिकलेली नाही हां, डोंबिवलीत राहते, अकाउंट्सला आहे, मार्च एंडिंगला माझाही जीव जातो. पण सात-आठ वर्षं नेमाने बघत आलेय आणि बऱ्याच चुका करून झाल्यात, तेवढ्या भांडवलावर हे गाईड.

पहिली चूक म्हणजे बक्षीस बघून पिक्चर निवडणं. २०२५ च्या ऑस्करला एमिलिया पेरेझला १३ नॉमिनेशन होती, इंग्रजी नसलेल्या पिक्चरला इतकी कधीच मिळाली नव्हती, म्हणून मी अगदी नवऱ्याला बसवून, पापड तळून वगैरे लावला. फ्रेंच दिग्दर्शक, स्पॅनिश भाषा, मेक्सिकोची गोष्ट, त्यात गाणी, आणि अर्ध्या तासात नवरा म्हणाला की हे लोक सारखे गातायत का. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खुद्द मेक्सिकोतले लोकही त्या पिक्चरवर भडकले होते हे मला नंतर कळलं. आणि गंमत म्हणजे त्याच ऑस्करला इंटरनॅशनल फीचरचं, म्हणजे इंग्रजी नसलेल्या पिक्चरचं, बक्षीस त्याला न मिळता आय एम स्टिल हिअर या ब्राझीलच्या पिक्चरला मिळालं, ज्याच्याबद्दल मी खाली भरभरून बोलणारच आहे. तर १३ चा आकडा वगैरे विसरा.

मग निवडायचं कसं? मी तरी विषय बघते. म्हणजे देश नाही, भाषा नाही, तर आपल्या ओळखीचा एखादा प्रसंग त्यात आहे का ते. कॉन्क्लेव्ह घ्या. पोप वारलेत, जगभरचे कार्डिनल, म्हणजे चर्चचे मोठे धर्मगुरू, सिस्टिन चॅपलमध्ये कोंडून घेऊन नवा पोप निवडतायत, ऐकायला किती लांबचं वाटतं, पण अर्ध्या तासात तुमच्या लक्षात येईल की ही आपली साखर कारखान्याची निवडणूक आहे. तोच गटतटाचा हिशोब, जेवणाच्या टेबलावर हळूच केलेली चाचपणी, मला नको नको म्हणणारे उमेदवार, आणि कुणाची तरी जुनी भानगड नेमकी मतदानाच्या आदल्या दिवशी बाहेर. आमचे सासरे राजकारणातले किडे, सिनेमाला आयुष्यात गेले नसतील एवढे सोसायटीच्या मीटिंगला गेलेत, ते पूर्ण दोन तास हलले नाहीत. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस गेले आणि मे महिन्यात खरंच नव्या पोपची निवड झाली तेव्हा ते आम्हालाच टीव्हीसमोर बसून समजावून सांगत होते की चॅपलच्या धुराड्यातून काळा धूर आला म्हणजे निवड झाली नाही आणि पांढरा आला म्हणजे झाली.

घरात लहान मुलं असतील किंवा इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर फ्लोपासून सुरुवात करा, लॅटव्हियाचा ॲनिमेशन पिक्चर, ८५ मिनिटांचा, आणि त्यात एकही शब्द नाही. एक मांजर, पूर, एक होडी, आणि होडीत जमा होत गेलेले प्राणी. प्राणी बोलत नाहीत, गात नाहीत, जोक मारत नाहीत, मांजर मांजरासारखंच वागतं. ब्लेंडर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर केलेला आहे आणि ॲनिमेशनचं ऑस्कर घेऊन गेला. माझ्या भाचीने एकच प्रश्न विचारला, मांजर मरणार नाही ना? मी सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

आता मुख्य मुद्दा, जो मला कळायला तीन-चार वर्षं गेली. आपल्याला सवय असते की पिक्चरमध्ये काय होणार ते बघायचं. हिरो येणार, मग काहीतरी होणार, मग व्हिलन. या पिक्चरांत बऱ्याचदा काही होतच नाही असं वाटतं, कारण आपण चुकीच्या जागी बघत असतो. अशा प्रत्येक पिक्चरची एक जागा असते जिथे लक्ष ठेवायचं असतं, आणि ती जागा कुठली हे तो पिक्चर पहिल्या अर्ध्या तासात स्वतःच दाखवतो. कधी ती जागा कान असते, कधी हात, कधी भाषा. ती सापडली की झोप येत नाही, हा माझा अनुभव.

झोन ऑफ इंटरेस्ट लावला तेव्हा सुरुवातीला स्क्रीन काळी झाली आणि काळीच राहिली, नुसता एक घोंघावणारा आवाज. नवरा उठून टीव्हीच्या मागची वायर बघायला लागला. मग सेटिंगमध्ये गेला. मग म्हणाला की तुझं ते सबस्क्रिप्शन संपलं वाटतं. आणि तेवढ्यात चित्र आलं, नदीकाठी पिकनिकला बसलेलं एक कुटुंब. तर ती काळी स्क्रीन म्हणजे बिघाड नव्हता, दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर सांगत होता की बाई गं, डोळे बाजूला ठेव, कान उघड. कारण पुढे पूर्ण पिक्चरभर तुम्हाला नाझींच्या ऑशविट्झच्या कमांडंटचं छान घर दिसतं, बायकोची बाग, मुलांचा छोटा स्विमिंग पूल, आणि बागेच्या भिंतीपलीकडे छळछावणी, जिथे काय चाललंय ते डोळ्यांना दाखवतच नाहीत. फक्त ऐकू येतं. गोळी, किंकाळी, ट्रेन, भट्टीची न थांबणारी घरघर. घरातली मंडळी चहा पीत असतात. त्या घरात कॅमेरे लपवून ठेवले होते आणि शूटिंगच्या वेळी खोलीत युनिटचं कुणी नसायचं म्हणे, म्हणून ते सगळं इतकं घरगुती दिसतं. या पिक्चरला साउंडचंही ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. टीव्हीच्या स्पीकरवर बघू नका, हेडफोन लावा, आणि एकट्याने बघायची हिंमत नसेल तर दुपारी बघा. मी रात्री बघितला आणि मग दोन वाजेपर्यंत फ्रिजचा आवाज ऐकत पडले होते.

परफेक्ट डेजची जागा म्हणजे हात. टोकियोत सार्वजनिक संडास साफ करणारा एक माणूस, पहाटे उठतो, अंथरूण घडी करतो, झाडांना पाणी, मशीनमधून कॅनमधली कॉफी, गाडीत कॅसेट, काम, दुपारी झाडाखाली सँडविच, रात्री पुस्तक. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. हा मी आईबरोबर बघितला आणि मला धास्ती होती की ती कंटाळून उठणार. तर ती म्हणते, "बघ कसा कोपऱ्यातून पुसतोय, आपल्याकडे येतात त्यांना सांगावं लागतं." तिला सबटायटलची गरजच पडली नाही, तो माणूस तसाही बोलत नाही फारसा. दिग्दर्शक विम वेंडर्सला खरं म्हणजे शिबुया भागातल्या त्या नव्या डिझाइनच्या संडासांवर काहीतरी छोटं करायला बोलावलं होतं, त्याने त्यावर आख्खी गोष्टच केली. त्यातला एक संडास पारदर्शक काचेचा आहे, कडी लावली की काच धूसर होते, तो बघून आईचा चेहरा बघण्यासारखा होता, "आणि कडी लागलीच नाही तर?" त्या माणसाचं, म्हणजे हिरायामाचं, काम करणारे कोजी याकुशो, त्यांना २०२३ च्या फ्रान्समधल्या कान फेस्टिवलला बेस्ट ॲक्टर मिळालं. रोजच्या चक्रात बारीकसा फरक पडला, समजा एखाद दिवशी जोडीदार कामावर नाही आला, की आपल्याला तो धक्का बसतो, कारण तोवर आपणही त्या चक्रात बसलेलो असतो. पहिले तीन दिवस तेच तेच दाखवलंय ते याचसाठी. तिथे फॉरवर्ड केलंत तर पिक्चर गेला हातातून.

आणि आय एम स्टिल हिअर. १९७१ चं रिओ, समुद्राजवळचं घर, पाच मुलं, कुत्रा, पार्ट्या, सारखा राबता. एक दिवस साध्या कपड्यातली माणसं येतात आणि माजी खासदार असलेल्या वडिलांना "चौकशीला" घेऊन जातात, ते परत येत नाहीत. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती तेव्हाची ही खरी घटना, रुबेन्स पायवा त्यांचं नाव, आणि पिक्चर त्यांच्या बायकोचा आहे, युनिसचा. इथे बघायचं ते तिच्या चेहऱ्यावर काय येत नाही ते. आपल्याकडे असता तर दारात एक हंबरडा आलाच असता ना, पार्श्वसंगीतासकट. ही बाई रडत नाही. तिला मुलांना आइस्क्रीम खायला न्यायचंय, बँकेत पैसे अडकलेत, घर सोडायचंय. मासिकाचा फोटोग्राफर येतो, कुटुंबाला गंभीर चेहरे करा म्हणतो, आणि ती मुलांना सांगते, हसा. बास, त्या एका शब्दावर मी गेले. युनिस झालीये फर्नांदा टोरेस, आणि शेवटी म्हातारी युनिस झालीये तिची खरी आई, फर्नांदा मॉन्तेनेग्रो, एक शब्द न बोलता. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हातात यायला त्या बाईला १९९६ साल उजाडलं. पंचवीस वर्षं एका कागदासाठी. सरकारी दाखल्यासाठी ज्याने खेटे घातलेत त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

हे डोळे कुठे लावायचे ते शिकायचं असेल तर परदेशी जायची गरज नाही खरं तर. चैतन्य ताम्हाणेचा कोर्ट परत बघा, २०१४ चा, मराठीतलाच आहे बराचसा. त्यातली सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी, कोर्टात ती शाहिराविरुद्ध पानंच्या पानं वाचते, आणि मग कॅमेरा कोर्ट सोडून तिच्या मागे लोकलमध्ये, तिथून घरी स्वयंपाकाला जातो. पहिल्यांदा बघताना मला वाटलं हे काय दाखवतायत, केसचं काय झालं? केस तिथेच चालू होती की. मी स्वतः संध्याकाळची फास्ट पकडून घरी येऊन कुकर लावणारी, मला राग यायला हवा त्या वकिलीणबाईचा आणि येईना, हाच तर घोळ आहे.

आता सबटायटल. पॅरासाइट या कोरियन पिक्चरचा दिग्दर्शक बाँग जून हो २०२० च्या गोल्डन ग्लोबला म्हणाला होता की सबटायटलची ती एक इंचाची भिंत ओलांडलीत की कितीतरी पिक्चर भेटतील. बरोबर आहे, पण अमेरिकन लोकांसाठी. आपण लोक घरी मराठी, लोकलमध्ये हिंदी, मेलवर इंग्रजी असे वाढलेलो, आपल्याला भिंत कसली. आपला प्रॉब्लेम वेगळा आहे, आपण प्रत्येक शब्द वाचून काढतो, शाळेतल्या धड्यासारखा, आणि चित्र बघायचं राहून जातं. उपाय सोपा आहे. ओळीवर एक नजर टाकायची आणि लगेच चेहऱ्यावर यायचं, एखादी ओळ सुटली तर सुटू दे, परत मागे जायचं नाही. आठवडाभरात सवय लागते. आणि डब केलेलं लावू नका प्लीज, चांगल्या नटाचा अर्धा अभिनय आवाजात असतो.

शिवाय सबटायटलवर पूर्ण विश्वासही ठेवू नका. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू, पण कोरियन जपानी माणसं आपल्यासारखीच तू-तुम्ही-अहो जाहोवाली आहेत. पॅरासाइटमध्ये गरीब घरातली मंडळी आपसात बोलतात ते आणि मालकिणीसमोर बोलतात ते, कोरियन अजिबात येत नसतानाही सुरातला फरक ऐकू येतो, सबटायटलमध्ये तो नाहीच. इथे मराठी माणसाचा कान इंग्रज माणसापेक्षा तयार असतो, त्याचा फायदा घ्या. त्याच पिक्चरमध्ये मालकीण पावसात फोन करून जी डिश करायला सांगते, दोन इन्स्टंट नूडल्स एकत्र करून वर भारीतलं बीफ, तिचं खरं नाव जापागुरी, सबटायटल करणाऱ्याने इंग्रजीत राम-डॉन केलं, रामेन अधिक उडॉन. हुशारीच आहे, पण स्वस्त नूडल्सवर महाग मांस, ही जी खोच आहे ती नावात नाही, ताटात आहे.

भाषेवरच आख्खा उभा असलेला पिक्चर म्हणजे ॲनाटॉमी ऑफ अ फॉल. नवरा घराच्या वरच्या मजल्यावरून पडून मेलाय, पडला की ढकलला यावर केस. बायको जर्मन, नवरा फ्रेंच, घरात दोघं इंग्रजी बोलतात म्हणजे कुणाच्याच आईची भाषा नाही, आणि कोर्ट फ्रेंचमध्ये. ती साक्ष देताना फ्रेंचमध्ये अडखळते आणि इंग्रजीवर येते, ते क्षण बघा. सबटायटलमध्ये बऱ्याचदा दोन्ही भाषा सारख्याच दिसतात, म्हणून कान द्यावा लागतो. मला तर हा खुनाचा पिक्चर वाटतच नाही, हा लग्नाचा आहे, मधे त्यांच्या भांडणाचं एक रेकॉर्डिंग कोर्टात वाजवतात, ते ऐकताना मी आणि नवरा एकमेकांकडे न बघता बसलो होतो. (त्यातल्या कुत्र्याला कान फेस्टिवलमध्ये वेगळं बक्षीस मिळालं, पाम डॉग. मेस्सी नाव त्याचं. खरंच.)

आणि ज्यांची मुलं, भावंडं बाहेर आहेत त्यांनी पास्ट लाइव्ह्ज बघा. बारा वर्षांची मुलगी सोल सोडून जाते, वर्गातला मुलगा मागे राहतो, बारा वर्षांनी स्काइपवर भेट, आणखी बारा वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये. तिचा अमेरिकन नवरा म्हणतो की तू झोपेत फक्त कोरियनमध्ये बोलतेस. माझी न्यू जर्सीची मामेबहीण, तिने हे बघून मला रात्री अडीचला फोन केला, तिच्याकडे दुपार होती. काही बोलली नाही खास. आमटीला फोडणी कशी घालायची ते विचारत होती, जे तिला चांगलं येतं.

थेटरची गोष्ट. पायल कपाडियाचा ऑल वी इमॅजिन ॲज लाइट, २०२४ ला कान फेस्टिवलमध्ये ग्राँ प्री, म्हणजे दुसऱ्या नंबरचं बक्षीस, मुख्य स्पर्धेत भारताचा पिक्चर तीस वर्षांनी, आणि आपल्या फिल्म फेडरेशनने ऑस्करला पाठवला लापता लेडीज. पायलचा म्हणे भारतात घडणारा युरोपियन पिक्चर वाटतो. अहो, मल्याळी नर्सेस, मुंबईचा पाऊस, कागदपत्रं नाहीत म्हणून चाळीतून बाहेर काढली जाणारी हॉस्पिटलातली कुक पार्वती, म्हणजे आपली छाया कदम, जी शेवटी सगळं गुंडाळून रत्नागिरीकडे गावाला जाते, यात युरोप कुठला? आमच्या इकडे एका मल्टिप्लेक्सला एकच शो, सकाळी, मी रजा टाकून गेले, हॉलमध्ये धरून अकरा जण. आणि इंटरव्हल. हे पिक्चर इंटरव्हल धरून बनवलेलेच नसतात, ऑपरेटर घड्याळ बघून कुठेही कापतो, माझ्या वेळी तर एक बाई काहीतरी सांगणार म्हणून तोंड उघडते आणि समोशाची जाहिरात. म्हणून टिप अशी की इंटरव्हलला बाहेर जाऊ नका, मोबाईल उघडू नका, तिथेच बसून राहा, नाहीतर जे काय आत साठलेलं असतं ते पॉपकॉर्नच्या लाइनीत सांडतं. आणि शक्यतो पहिल्या आठवड्यातच जा, दुसऱ्या आठवड्यात असेलच याची गॅरंटी नाही. साबर बोंडंचं असंच, २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलमध्ये वर्ल्ड सिनेमाचं मोठं बक्षीस मिळवणारा पहिला मराठी पिक्चर, मी पुढच्या शनिवारी जाऊ म्हटलं आणि पुढच्या शनिवारी शो नव्हता.

फेस्टिवलला जायचं असेल तर नोव्हेंबरात पणजीला इफ्फी, जानेवारी-फेब्रुवारीत पुण्याचा पिफ, दोन्ही आपल्या टप्प्यातले आहेत. पहिल्या वर्षी मी इफ्फीला एका दिवसात पाच पिक्चर बघितले, पैसे वसूल. रात्री हॉटेलवर येऊन मला सांगता येईना की बायको सोडून गेलेला माणूस इराणी होता का तुर्की, आणि घोडा कुठल्या पिक्चरमध्ये मेला. तेव्हापासून दिवसाला तीन, फार तर. मधल्या वेळात मांडवीच्या काठाने चालायचं, संध्याकाळी गाड्यावर रोस ऑम्लेट, मग शेवटचा शो. नंबर लावून उभं असताना शेजारच्या काकांशी बोला, दरवर्षी येणारे असतात, त्यांचा सल्ला कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा पक्का, फक्त त्यांना गोष्ट सांगू देऊ नका, कारण ते सांगतात.

बघून झाल्यावर लगेच अर्थ शोधायला इंटरनेटवर जायचं नाही, त्या रात्री तरी नाही. बरोबर जो असेल त्याला एवढंच विचारायचं की तुला कुठला प्रसंग राहिला डोक्यात. आवडला का असं विचारलंत तर हो किंवा नाही येणार आणि विषय बंद. आईने परफेक्ट डेजबद्दल त्या दिवशी काहीच सांगितलं नव्हतं, पंधरा दिवसांनी भाजी निवडताना एकदम म्हणाली, "त्याची बहीण एवढ्या मोठ्या गाडीतून आली, पण याला काही कमी वाटलं नाही ना गं?"

मैत्रिणीला मी या रविवारसाठी ड्राइव्ह माय कार दिलाय. जपानी, तीन तासाला एक मिनिट कमी, साब कंपनीची लाल गाडी, आणि रशियन लेखक चेकॉव्हच्या नाटकाच्या तालमी. घाबरली ती लांबी ऐकून. तिला म्हटलं, सुरुवातीची टायटल्स चाळीसेक मिनिटांनी येतात, नावं दिसायला लागली की उठायचं, चहा टाकायचा, दूध ओट्याशी उभं राहून आटवत बसू नकोस, ये परत.